कावेरीकाठची गोपुरे आणि विमानाचे अंतर

कुंभकोणमला विमानतळ नाही. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये वसलेल्या या तमिळ नगराला प्रवासी विमानांसाठी जवळचे ठिकाण म्हणजे तिरुचिरापल्ली. सरळ रेषेत सुमारे ७५ किमी. मुंबईहून कोणी तिकडे निघाला की दोन आकडे त्याच्यासमोर येतात: अंतर आणि उड्डाणाचा अवधी. पृथ्वी नितळ गोल मानली, तर मुंबई आणि तिरुचिरापल्ली या विमानतळांमधील अंतर सुमारे १,११८ किमी भरते. पृथ्वीचा खरा, ध्रुवांपाशी किंचित चपटा आकार हिशेबात घेतला की तेच अंतर सुमारे १,११५ किमी होते. हे तीन किलोमीटर गेले कुठे? या साध्या प्रश्नाचा माग काढू लागले की भूमध्य समुद्रातल्या एका जुन्या गणितापासून कावेरीकाठच्या देवळांपर्यंत आणि तेथून थेट विदर्भातल्या हिंगणघाटापर्यंत जावे लागते.

प्रारंभ भूमध्य समुद्रापासून करणे योग्य, कारण दोन बंदरांतील प्रवासावरून साऱ्या पृथ्वीचे माप काढण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न तेथेच झाला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात पोसिडोनियस हा ग्रीक तत्त्वज्ञ ऱ्होड्स बेटावर राहत असे. त्याने अगस्त्य तारा निवडला. ऱ्होड्सहून हा तारा दक्षिण क्षितिजाला जेमतेम स्पर्श करून मावळतो, तर इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरातून तो क्षितिजाच्या वर चढलेला दिसतो. ही उंची पूर्ण वर्तुळाच्या ४८व्या भागाइतकी, म्हणजे साडेसात अंश, असे त्याने धरले. दोन बंदरांतील अंतर ५,००० स्टेडिया मानले, की पृथ्वीचा परिघ ४८ पट म्हणजे २,४०,००० स्टेडिया येतो.

तर्क निर्दोष होता. दोष होता तर्काला पुरवलेल्या आकड्यांत. ऱ्होड्स आणि अलेक्झांड्रिया यांच्या अक्षांशांतील खरा फरक सव्वापाच अंशांच्या आसपास आहे, साडेसात नव्हे. आणि ५,००० स्टेडिया हे अंतर कोणी दोरी टाकून मोजलेले नव्हते. समुद्रावर दोरी टाकणार कशी? ते नाविकांच्या अंदाजावरून आले होते. जहाजाला इतके दिवस लागतात, जहाज दिवसाला इतके चालते, म्हणून अंतर इतके. नाविकांतही एकमत नव्हते. कोणी ४,००० सांगे, कोणी ५,०००. त्याच्या आधी एरॅटोस्थेनिसने सावलीच्या मापावरून हे अंतर ३,७५० स्टेडिया ठरवले होते. पुढे पोसिडोनियसच्या साडेसात अंशांना एरॅटोस्थेनिसच्या ३,७५० स्टेडियांची जोड देण्यात आली आणि पृथ्वीचा परिघ १,८०,००० स्टेडियांवर घसरला.

येथे विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे. एरॅटोस्थेनिसच्या मते पृथ्वीचा परिघ २,५२,००० स्टेडिया होता, म्हणजे एका अंशाला ७०० स्टेडिया. त्या हिशेबाने ३,७५० स्टेडिया म्हणजे ५.३६ अंश. हा कोन खऱ्या कोनाच्या किती जवळ आहे! म्हणजे जे अंतर मोठ्या पृथ्वीवर एका कोनातून काढलेले होते, तेच दुसऱ्याच, चुकीच्या कोनाशी जोडून लहान पृथ्वी तयार झाली. टॉलेमीने एका अंशाला ५०० स्टेडिया धरून हीच लहान पृथ्वी आपल्या भूगोलात घेतली, आणि पंधराव्या शतकात त्याचा ग्रंथ युरोपात पुन्हा वाचला जाऊ लागला तेव्हा ती नव्याने प्रचलित झाली. पृथ्वी लहान आहे आणि पश्चिमेकडून आशिया जवळ आहे, असे मानणाऱ्यांत कोलंबस होता. त्याच्या वाटेत अमेरिका आली नसती, तर त्या हिशेबाने साऱ्या खलाशांचा बळी घेतला असता.

अवधीवरून अंतर काढण्यात चूक नेमकी कोठे शिरते, हे विमानाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, विमानाचा हवेच्या संदर्भातला वेग ताशी ८०० किमी आहे आणि ताशी १०० किमीचा वारा मार्गाला समांतर वाहतो आहे. १,११५ किमी जाताना वारा पाठीशी असेल तर सुमारे ७४ मिनिटे लागतील. परतताना तोच वारा समोरून येईल आणि सुमारे ९६ मिनिटे लागतील. वाटते की जाण्यायेण्याची सरासरी घेतली म्हणजे वाऱ्याचा परिणाम पुसला जाईल. तो पुसला जात नाही. दोन्ही मिळून १७० मिनिटे होतात, तर वारा नसता तर १६७ मिनिटे झाली असती. विमान प्रतिकूल वाऱ्यात अधिक वेळ असते आणि अनुकूल वाऱ्यात कमी, म्हणून हिशेब नेहमी एकाच बाजूला झुकतो. अंतर ही पृथ्वीची गोष्ट आहे; अवधी हा हवेचा, यंत्राचा आणि थांब्यांचा व्यवहार आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेले, तेव्हा कराची आणि मद्रास यांच्यातले अंतर आजच्याइतकेच होते. बदलला तो अवधी.

तेव्हा अंतर अवधीच्या कचाट्यातून सोडवायचे, तर ते जमिनीवर मोजावे लागते. हे काम भारतात ज्या चिकाटीने झाले, तसे जगात क्वचितच झाले असेल. श्रीरंगपट्टणच्या युद्धात लढलेला विल्यम लॅम्बटन हा ब्रिटिश अधिकारी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ साखळी घेऊन उभा राहिला. शंभर फुटांची ही पोलादी साखळी मुळात चीनच्या सम्राटाला नजर करण्यासाठी पाठवलेल्या वस्तूंपैकी होती. तेथे ती स्वीकारली गेली नाही आणि फिरत फिरत भारतात आली. सहा आठवड्यांनंतर आधाररेषेची लांबी निश्चित झाली: ४०,००६.४४ फूट, म्हणजे सुमारे १२.२ किमी. तापमान दहा अंश सेल्सियसने वाढले तर इतक्या लांबीच्या पोलादात सुमारे १.४ मीटरची वाढ होते. म्हणून उन्हातान्हात मोजल्या जाणाऱ्या साखळीपाशी तापमापक ठेवून प्रत्येक मापाला दुरुस्ती द्यावी लागे.

एक बाजू एकदा अशी मोजली की पुढे साखळीची गरज उरत नाही. आधाररेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या एखाद्या उंच स्थळाकडे पाहायचे, कोन मोजायचे, त्रिकोण पुरा करायचा. मग त्या त्रिकोणाची बाजू हीच पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा. त्रिकोणाला त्रिकोण जोडत लॅम्बटनचे पथक मद्रासहून पश्चिम किनाऱ्यावरच्या मंगळूरपर्यंत पोहोचले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघड झाली. त्या वेळच्या नकाशांप्रमाणे द्वीपकल्पाची येथली रुंदी ४०० मैल होती. मोजणीत ती ३६० मैल निघाली. भारताचे चाळीस मैल कोणी घेतले नव्हते, ते कधी नव्हतेच. मुक्कामांच्या आणि कूच करणाऱ्या सैन्याच्या दिवसांवरून काढलेल्या अंतरांत अशी वाढ सहज शिरते. ऱ्होड्सच्या नाविकांचीच ही गोष्ट, फक्त जमिनीवरची.

डोंगराळ प्रदेशात हे काम सुकर होते. टेकडीवर चढले की पुढची टेकडी दिसते. कावेरीच्या मुखप्रदेशात मात्र टेकड्या नाहीत. तंजावर आणि कुंभकोणमच्या परिसरात भाताची खाचरे, कालवे आणि नारळीच्या दाट बागा. नजर काही शे पावलांवर अडते. या सपाटीत उंच असे एकच असते, आणि ते म्हणजे देवळांची गोपुरे. कुंभकोणमच्या सारंगपाणी मंदिराचे अकरा मजली राजगोपुर पाहिले की गोपुराचा मोजणीशी काय संबंध हे वेगळे सांगावे लागत नाही. पन्नास मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे २५ किमी दूर जाते. लॅम्बटनने या मुखप्रदेशात गोपुरांनाच टेकड्या मानले.

हा सारा मुलूख तोवर सव्वाशे वर्षे तंजावरच्या भोसल्यांचा होता. व्यंकोजीराजांपासून चालत आलेली ही गादी तेव्हा दुसऱ्या सरफोजीराजांकडे होती. मात्र १७९९च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता आणि राजांकडे तंजावरचा किल्ला आणि मानमरातब उरला होता. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास सांगणारा विस्तीर्ण मराठी शिलालेख कोरला गेला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८०८ मध्ये, त्याच मंदिरावर लॅम्बटनचे यंत्र चढू लागले. एका वंशाने आपली स्मृती ज्या दगडावर कोरली, त्याच दगडाच्या उंचीवरून दुसरी सत्ता त्या मुलखाचे माप घेत होती. कंपनीला नकाशा हवा होता तो महसुलासाठी आणि लष्करासाठी. लॅम्बटनच्या मनात पृथ्वीच्या आकाराचा प्रश्न होता. दोन्ही हेतू एकाच दोरखंडाने वर ओढले जात होते, हे विसरता येत नाही.

तो दोरखंड तुटला. हे यंत्र, म्हणजे लंडनच्या विल्यम केरीने घडवलेला महाथिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचे होते. इंग्लंडहून येताना ते फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले होते आणि तेथल्या गव्हर्नराने शास्त्रकार्याचा मान राखून परत पाठवले होते. युद्धातून वाचलेले हे यंत्र बृहदीश्वराच्या उंच शिखराकडे चढवताना, आधाराचा दोर तुटून, भिंतीवर आदळले. कोन मोजण्याचे त्याचे मोठे आडवे चक्र वाकले. आता नवे यंत्र मागवायचे तर इंग्लंडहून येण्यात वर्षे जाणार. लॅम्बटनने यंत्राचा प्रत्येक भाग सुटा केला. एका सपाट फळीवर चक्राच्या नेमक्या मापाचे वर्तुळ कोरून घेतले, आणि पाचरी, मळसूत्रे व कप्प्या लावून वाकलेले चक्र कणाकणाने ताणत त्या वर्तुळात बसवले. वाकलेले आरे लहान हातोड्यांनी ठोकून सरळ केले. सहा आठवड्यांत यंत्र पुन्हा उभे राहिले, आणि त्याच यंत्राने पुढे भारताचा पाठकणा मोजला.

यात किती सूक्ष्मता पणाला लागली होती, हे एका आकड्यावरून समजते. सपाट कागदावर त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते. गोलावर ती थोडी जास्त भरते. पृथ्वीवर प्रत्येक सुमारे १९७ चौरस किलोमीटर क्षेत्रामागे ही वाढ एक विकला असते, म्हणजे एका अंशाचा ३,६००वा भाग. तीस किलोमीटर बाजूचा समभुज त्रिकोण घेतला तर कोनांची बेरीज केवळ दोन विकलांनी जास्त होते. पृथ्वी गोल असल्याची ही खूण प्रत्येक त्रिकोणात लपलेली असते, आणि ती ओळखायची तर यंत्राची चूक त्याहून लहान हवी. ठोकून सरळ केलेल्या चक्रावरून हे करायचे होते.

कन्याकुमारीजवळच्या ८ अंश ९ कला या अक्षांशापासून बीदरजवळच्या १८ अंश ३ कला या अक्षांशापर्यंत, जवळजवळ दहा अंशांचा कंस लॅम्बटनने मोजला. त्याचे महत्त्व असे. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, हे न्यूटनने सांगितले होते आणि अठराव्या शतकात पेरू व लॅपलंड येथे गेलेल्या फ्रेंच मोहिमांनी सिद्ध केले होते. चपटेपणामुळे अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सारखा लांब नसतो. विषुववृत्तापाशी तो सुमारे ११०.६ किमी, तर ध्रुवापाशी सुमारे १११.७ किमी. दक्षिण भारत विषुववृत्ताच्या जवळ. येथले अंश आखूड. युरोपातल्या लांब अंशांशी त्यांची तुलना केली की पृथ्वी किती चपटी, याचा आकडा हाती येतो. मुंबई ते तिरुचिरापल्ली या मार्गात आठ अंशांहून अधिक प्रवास दक्षिणेकडे होतो, आणि हे आखूड अंशच ते हरवलेले तीन किलोमीटर आहेत.

लॅम्बटन ते काम संपवू शकला नाही. नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला; त्याची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने कंस हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला आणि १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी मापे काढली, ती भारताच्या नकाशांसाठी दीर्घकाळ प्रमाण ठरली. त्यात विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७७.२७६ किमी होती. आज उपग्रहांच्या युगात ती ६,३७८.१३७ किमी मानली जाते. उणेपुरे ८६१ मीटर! साखळी, दोर आणि दुर्बीण यांच्या बळावर पृथ्वीच्या मध्यापर्यंतचे अंतर एक किलोमीटरच्या आतल्या फरकाने काढले गेले. या श्रेयात भागीदार असलेले साखळीवाले, निशाणवाले, हमाल आणि तापाने बळी गेलेले कित्येक भारतीय मात्र कोणत्याही पर्वताच्या नावात नाहीत.

कुंभकोणमचा पृथ्वीच्या मापाशी आणखी एक, वेगळ्याच जातीचा संबंध आहे. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरील एका लहान घरात श्रीनिवास रामानुजन वाढले. तेथल्या टाउन हायस्कुलात शिकले. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या π च्या आसन्न किमतींवरील त्यांच्या निबंधात वर्तुळाच्या परिघाचा सहावा भाग काढण्याची एक भौमितिक रचना आहे. तिची अचूकता सांगताना रामानुजन उदाहरण देतात ते ८,००० मैल व्यासाच्या वर्तुळाचे, ज्यात चूक इंचाच्या सुमारे बाराव्या भागाइतकी राहते. ८,००० मैल म्हणजे जवळजवळ पृथ्वीचाच व्यास. त्याच निबंधाच्या अखेरीस लंबवर्तुळाच्या परिघाची दोन सूत्रे आहेत. लंबवर्तुळाचा परिघ साध्या बीजगणिती सूत्राने नेमका काढता येत नाही. रामानुजनांची सूत्रे त्याच्या अत्यंत जवळ जातात.

a आणि b या अर्धअक्षांसाठी त्यांपैकी साधे सूत्र असे: π[३(a+b) − √((a+३b)(३a+b))]. दोन्ही ध्रुवांतून जाणारे पृथ्वीचे वर्तुळ वास्तविक असेच लंबवर्तुळ आहे. a म्हणून ६,३७८.१३७ आणि b म्हणून ६,३५६.७५२ किमी घातले, की परिघ ४०,००७.८६ किमी येतो. येथे सूत्राची स्वतःची चूक एका अणूच्या व्यासाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी आहे. रामानुजनांनी हे विमानांसाठी केले नव्हते, भूमापनासाठीही नव्हे. तरीही लॅम्बटनच्या पथकाने शंभर वर्षांपूर्वी ज्या सपाटीत घाम गाळला, तेथेच वाढलेल्या एका तरुणाने त्या वक्राची लांबी कागदावर अशी बांधून ठेवली. आणि तोच तरुण १७ मार्च १९१४ रोजी मद्रासहून बोटीने निघून, सुवेझ आणि भूमध्य समुद्रमार्गे, १४ एप्रिलला लंडनला पोहोचला. या दोन शहरांतील पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे न्यूनतम अंतर सुमारे ८,२०० किमी आहे. बोटीचा मार्ग त्याहून पुष्कळ लांबचा. त्याला अठ्ठावीस दिवस लागले.

आजचे वैमानिक अंतर सागरी मैलांत सांगतात. हा मैल म्हणजे मुळात अक्षांशाची एक कला. १९२९ मध्ये मोनॅकोच्या परिषदेत, म्हणजे पुन्हा भूमध्य समुद्राच्याच काठी, त्याची लांबी १,८५२ मीटर अशी निश्चित झाली. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीत सर्व स्थाने डब्ल्यूजीएस-८४ या एकाच पृथ्वी-आकृतीवर सांगितली जातात. प्रत्येक देशाची आकृती वेगळी राहिली, तर धावपट्टीच काही शे मीटर सरकल्यासारखी दिसेल. भारताच्या ‘गगन’ या उपग्रहाधारित प्रणालीच्या आधारे एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे प्रवासी विमान उतरवून पाहण्यात आले. अंतराचा प्रश्न असा बहुतांशी सुटला. अवधीचा प्रश्न मात्र वाऱ्यावरच राहिला. पावसाळ्यात दक्षिण भारताच्या आकाशात उंचावर पूर्वेकडून जोराचा प्रवाह वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचे वर्णन केले. तो विमानाच्या वेळापत्रकात आजही बोलतो.

पोसिडोनियसचा प्रयोग भारतात करून पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी दोन गावे जणू नेमून ठेवलेली आहेत. हिंगणघाट आणि कुंभकोणम जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास अगस्त्य तारा दक्षिणेस आपल्या सर्वोच्च स्थानी येतो. हिंगणघाटाहून तो क्षितिजापासून सुमारे १६.७ अंश वर दिसतो. कुंभकोणमहून सुमारे २६.३ अंश. फरक ९.६ अंश. त्याला या अक्षांशांतील एका अंशाची लांबी, ११०.६५ किमी, हिने गुणले की अंतर सुमारे १,०६० किमी येते. कोनमापक आणि ओळंबा घेऊन दोन्ही गावांतल्या शाळांनी एकाच आठवड्यात हे मोजले, तर अर्ध्या अंशाच्या चुकीने उत्तर ५५ किमीने हुकेल. पोसिडोनियसची चूक याहून पुष्कळ मोठी होती. गुणायचा तो ११०.६५ हा आकडा पुस्तकात तयार मिळतो. तो तेथे आला तो एका तुटलेल्या दोरापासून, सहा आठवड्यांच्या ठोकाठोकीतून, आणि हिंगणघाटात संपलेल्या एकवीस वर्षांच्या पायपिटीतून.

#विज्ञानाचा_इतिहास #भूमापन #कुंभकोणम #हिंगणघाट